पोत्यातलं बी जिवंत आहे का? घरच्या सोयाबीन बियाण्याचं एक प्रकरण

लातूर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातलं, अलीकडच्या खरिपातलं हे प्रकरण आहे. माणसं आणि गाव ओळखू येणार नाहीत एवढे तपशील बदलले आहेत. शेतकरी गटांच्या बैठकीत दर मे महिन्यात "पेरणीआधी उगवण तपासा" असं सांगितलं जातं आणि सगळे माना डोलावतात. या घराने खरंच तपासलं. तरीही ते दोनदा उलटसुलट निष्कर्षावर पोचले, कारण बी जिवंत आहे असं कशावरून म्हणायचं आणि जिवंत बियाला तपासणीच्या काळात काय लागतं, या दोन गोष्टी आधी ठरल्याच नव्हत्या. म्हणून हे लिहून ठेवण्यासारखं वाटलं.

पार्श्वभूमी

घर सात एकरांचं. तात्या सत्तरी ओलांडलेले. शेती बघतो त्यांचा मुलगा, गाव त्याला भाऊ म्हणतं. घरात वहिनी आणि आठवीत शिकणारी मुलगी. सोयाबीन हे मुख्य पीक, मध्ये तुरीची तासं, म्हणजे ओळी.

सोयाबीन स्वपरागीत पीक आहे. सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं बी एकदा विकत आणलं की पुढची दोन-तीन वर्षं घरचंच पेरता येतं आणि कृषी विभागही तसंच सांगतो. त्यामुळे घरी बी ठेवणं यात वावगं काही नव्हतं. गडबड झाली ती आदल्या ऑक्टोबरात. काढणी झाली, बनीम (कापलेल्या पिकाची गंजी) लागली आणि निम्मं सोयाबीन मळून झाल्यावर पाऊस आला. उरलेली बनीम ताडपत्रीखाली होती, पण खालून आणि कडांनी भिजलीच.

त्यामुळे घरात दोन प्रकारचा माल आला. पहिला माल पावसाआधी मळलेला. तो अंगणात सावलीत वाळवून, चाळून, मधल्या खोलीत लाकडी फळ्यांवर पोत्यात ठेवला होता, साधारण १६० किलो. दुसरा माल भिजून वाळलेला. मळणीयंत्रवाल्याला पुढच्या गावी जायचं होतं म्हणून त्याने ड्रम फुल्ल वेगात फिरवला. त्यातला बहुतेक विकला आणि चार पोती पत्र्याच्या शेडमध्ये, खताच्या गोण्यांशेजारी राहिली. भाव चढला तर विकू, नाही तर पेरू, असा विचार.

मेच्या मध्यात दोन्ही पोती उघडली तेव्हा शेडमधलं सोयाबीन उलट जास्त टपोरं दिसत होतं. भाऊने ठरवूनच टाकलं की पेरायला हेच घ्यायचं आणि खोलीतलं विकायचं.

अडचण

मेलेलं बी आणि जिवंत बी यांच्यात डोळ्यांना दिसणारा फरक नसतो. रंग तोच, वजन तेच, हातात घेतलं तर आवाज तोच. तात्यांची जुनी परीक्षा होती: दाताखाली धरून चावायचं, कट्ट वाजलं की चांगलं. ही परीक्षा खोटी नाही, पण ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. कट्ट वाजलं म्हणजे बी वाळलेलं आहे. जिवंत आहे की नाही ते दात सांगत नाहीत. दोन्ही माल कट्ट वाजले.

इथे मुलीने शाळेच्या पुस्तकातली सजीवांची लक्षणं काढली: वाढ, श्वसन, हालचाल, चेतनाक्षमता, पुनरुत्पादन, उत्सर्जन. पोत्यातलं बी यातलं काहीच करत नाही. मग ते निर्जीव का? तिचा बाप हसला, पण प्रश्न सरळ होता आणि घरात कुणालाच त्याचं नीट उत्तर देता येईना.

उत्तर असं आहे की वाळलेल्या बियात ही कामं थांबलेली नसतात, इतकी मंदावलेली असतात की दिसत नाहीत. ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आला की पेशींमधल्या बहुतेक हालचाली जवळजवळ ठप्प होतात. श्वसन चालू असतं, पण नावापुरतं. बियाची दोन दळं म्हणजे पुढच्या रोपाची शिदोरी. त्यांच्या बेचक्यात एक इवलंसं रोप आधीच तयार असतं, मूळ आणि शेंड्यासकट. जिवंत असायचं ते त्याने आणि त्याला अन्न पुरवणाऱ्या दळांनी. दगड कधी जिवंत नव्हताच. शेडमधलं सोयाबीन मात्र ऑक्टोबरात जिवंत होतं आणि मेपर्यंत त्यातलं किती उरलं, हा प्रश्न होता.

उरण्यात एवढा फरक का पडावा? बी साठवणुकीत हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञांच्या नावाने एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: बियातला ओलावा १ टक्क्याने कमी केला की ते टिकायचा काळ साधारण दुप्पट होतो आणि तापमान ५ अंशांनी उतरवलं तरी दुप्पट. हेच उलट वाचलं की शेडची गोष्ट कळते. लातुरात मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, तापलेल्या पत्र्याखाली त्याहून जास्त. त्यात शेजारी ओल धरणारी खताची पोती. मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्यात सापडलेली खजुराची बी सुमारे २००० वर्षं कोरड्या हवेत पडून होती आणि २००५ साली तिला कोंब आला. आपलं सोयाबीन एका उन्हाळ्यात मरतं. त्यात जवळपास २० टक्के तेल असतं, ते उष्णतेत खराब होताना पेशींची आवरणं बिघडवतं. शिवाय साल पातळ आणि मूळ अगदी सालीलगत, त्यामुळे मळणीचा मार थेट मुळावर बसतो. फुल्ल वेगातल्या ड्रमने दुसऱ्या मालाचं काय केलं असेल त्याची कल्पना करता येते.

पहिली तपासणी: तांब्यातली

भाऊने दोन्ही मालांतली मूठमूठ रात्री दोन तांब्यांत भिजत घातली. सकाळी दोन्हीकडचं बी फुगून दुप्पट झालेलं. "दोन्ही जित्तं हाय की," म्हणून विषय संपला.

हा या प्रकरणातला पहिला चुकलेला टप्पा. फुगणं हे जिवाचं काम नाही. बियातली प्रथिनं आणि तंतू पाणी ओढून घेतात. बी मेलेलं असलं तरी घेतातच. मेलेल्या बियाचं पाणी उलट लवकर गढूळ होतं, कारण फाटक्या आवरणांतून साखर आणि क्षार बाहेर झिरपतात. दुसऱ्या तांब्यातलं पाणी पांढरट झालं होतं, पण त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

ते बी तांब्यातच राहिलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही तांब्यांना वास सुटला होता आणि एकालाही कोंब नव्हता. आता घराने उलटा निष्कर्ष काढला: दोन्ही माल मेलेत, विकतच्या बियाण्याची बॅगच आणावी लागणार. भाऊ तालुक्याला निघालाही होता.

त्याला थांबवलं वहिनींनी. मटकीला मोड आणताना त्या रात्रभर भिजवून सकाळी पाणी काढून टाकतात आणि मग फडक्यात बांधतात. "पान्यातच ठिवली तर मटकी बी कुजती," एवढंच त्या म्हणाल्या. मुद्दा तिथेच होता. फुगलेलं बी जागं झालं की त्याचं श्वसन झपाट्याने वाढतं आणि त्याला हवा लागते. साचलेल्या पाण्यात ती पुरेशी मिळत नाही. सोयाबीनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते: पातळ सालीतून पाणी इतक्या वेगाने आत शिरतं की दळांतल्या पेशी फुटतात. म्हणून मूग-मटकीसारखं सोयाबीन भिजवून पेरू नये असं सांगतात. पहिल्या तांब्यातलं बी जिवंत होतं आणि तपासणीनेच ते मेलं.

स्वयंपाकघरात रोज वापरलं जाणारं हे ज्ञान शेतीच्या चर्चेत पुरुषांनी विचारलंच नव्हतं. गटाच्या बैठकांना वहिनी कधी आलेल्या नव्हत्या, हेही नोंदवायला हवं.

दुसरी तपासणी: गोणपाटावरची

मग रीतसर तपासणी झाली. गोणपाटाचे तुकडे धुऊन ओले केले, पिळून घेतले, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडले. दाणे निवडून नव्हे, पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून काढलेले. वरून दुसरा ओला तुकडा घालून सैल गुंडाळी केली आणि सावलीत ठेवली. रोज पाण्याचा हबका, पाणी साचेल इतका नाही. प्रत्येक मालाच्या तीन गुंडाळ्या. पाणी, हवा आणि बेताची ऊब मिळाली. ऊन आणि माती या टप्प्यावर लागत नाहीत, शिदोरी बियाजवळच असते.

मोजणीच्या दिवशी बाप-लेकीत वाद झाला आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा तो आहे. भाऊने ज्या ज्या दाण्यातून पांढरं टोक डोकावत होतं ते सगळे जिवंत धरले. त्या हिशोबाने पहिला माल ७९, दुसरा ५८. मुलीने गटाने दिलेल्या चित्रांच्या कागदाप्रमाणे मोजलं. मूळ सरळ आणि धडधाकट, मान (मूळ आणि दळांमधला देठ) शाबूत, दोन्ही दळं जागेवर, मधला शेंडा दिसतोय, असं असेल तरच एक. टोक बाहेर येऊन काळं पडलेलं, मूळ खुंटलेलं, मान चिरलेली किंवा निम्मं दळ कुजलेलं असेल ते बाजूला. तिच्या हिशोबाने पहिल्या मालाच्या तीन गुंडाळ्यांत ६६, ६९ आणि ६४; दुसऱ्याच्या ३७, ४१ आणि ३३. सरासरी ६६ आणि ३७.

"जित्तं तर हाय ना? मग मोजायचं नाही म्हणजे काय?" हा भाऊचा सवाल तर्काने बरोबरच होता. मूळ बाहेर काढणारा दाणा मेलेला नाही. त्यातल्या काही पेशी जगल्या आहेत, काही मेल्या आहेत. जिवंत आणि मेलेलं यांच्यामध्ये बराच मोठा पट्टा असतो. प्रयोगशाळेत हा पट्टा रंगाने दिसतो: टेट्राझोलियम नावाच्या क्षाराच्या द्रावणात बी ठेवलं की जिथे श्वसन चालू आहे तो भाग लाल होतो आणि मेलेला भाग पांढरा राहतो. एकाच दाण्याची दळं लाल आणि मुळाचं टोक पांढरं असं चित्र मार लागलेल्या सोयाबीनमध्ये दिसतं. तो दाणा जिवंत म्हणायचा की नाही, हा प्रश्न कुणी हवा तर चघळत बसावा. शेतकऱ्याला लागणारं उत्तर सोपं आहे: तो रोप होणार नाही.

प्रमाणित बियाण्यासाठी सोयाबीनच्या उगवणीची किमान मर्यादा ७० टक्के आहे, तीही अशा धडधाकट रोपांवरच मोजतात. नुसत्या टोकांवर मोजली असती तर पहिला माल ७९ टक्के म्हणून सरळ पास झाला असता.

समोरचे पर्याय

आता चार वाटा होत्या.

शेडमधला माल दाट पेरायचा, हा भाऊचा आवडता पर्याय. ७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो, तर ३७ टक्क्यांना सुमारे ५७ किलो, असा हिशोब त्याने मांडला. गणित चूक नव्हतं. गृहीतक चूक होतं. गोणपाटावर बियाला जे लाड मिळतात ते रानात मिळत नाहीत. तिथे वर दोन बोटं माती असते, कधी गारवा, कधी चिखल, कधी बुरशी. ज्या मालातले साठ टक्क्यांहून जास्त दाणे गेलेत, त्यातले उरलेलेही थकलेले असतात. अनुकूल जागी उठतात, कठीण जागी उठत नाहीत. शिवाय ओळीत पडलेले मेलेले दाणे कुजून बुरशीला घर देतात.

दुसरी वाट सगळं बी विकत आणण्याची. ती सुरक्षित, पण त्या वर्षी बॅगेचा किलोमागचा दर बाजारातल्या सोयाबीनच्या दुपटीहून जास्त होता आणि सात एकरांसाठी पैसे काढावे लागले असते. तिसरी, परभणीच्या बीजपरीक्षण प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याची. तिचा विचार झाला, पण "पाऊस तोंडावर आलाय" म्हणून मागे पडली.

शेवटी चौथी वाट धरली. पहिला माल पेरायचा, पण प्रमाण वाढवून: ३० गुणिले ७० भागिले ६६, म्हणजे एकरी जवळपास ३२ किलो. उगवण ७० च्या खाली जितके टक्के, तितका अर्धा-अर्धा किलो जास्त, हा कृषी विभागाचा ठोकताळाही तेवढंच सांगतो. १६० किलोत पाच एकर बसले. उरलेल्या दोन एकरांसाठी बॅगा आणल्या. पावती, पिशवीवरची खूणचिठ्ठी आणि मूठभर बी बाजूला ठेवलं. न उगवल्याची तक्रार करायची वेळ आली तर हेच लागतं. शेडमधला माल आडतीवर गेला. तेल काढणाऱ्याला बी जिवंत असण्याशी देणंघेणं नसतं आणि त्याचा भावही जिवंत मालाइतकाच मिळाला.

सगळा नाही गेला. दीडेक पायली भाऊने मागे ठेवली. त्याबद्दल पुढे.

पाकिटातले जिवाणू

बीजप्रक्रियेच्या वेळी एक छोटा पण बोलका प्रसंग झाला. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र देणारे रायझोबियम जिवाणू पाकिटात भुकटीसारखे मिळतात. घरी आणलेलं पाकीट दोन दिवस ट्रॅक्टरच्या टपावर उन्हात राहिलं होतं. भुकटी म्हणजे खत, असाच सगळ्यांचा समज. भुकटीतला माल जिवंत असतो, त्याला उन्हापासून सांभाळावं लागतं आणि त्यावर मुदत छापलेली असते, हे कळल्यावर नवीन पाकीट आणलं गेलं.

भाऊ बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवणार होता. एकाचं कामच मारण्याचं, दुसऱ्याला जगवायचं. आधी बुरशीनाशक लावून बी सावलीत सुकू द्यायचं, जिवाणू पेरणीच्या अगदी आधी लावायचे, हा क्रम त्याने ऐकला. मुलगी म्हणाली, "पप्पा, म्हणजे पोत्यात पण जिवंत, पाकिटात पण जिवंत, आणि दोन्ही गपगार." यावर तात्या बराच वेळ हसत होते.

पेरणी कधी करायची

मृगात एक पाऊस झाला, साधारण ४० मिलिमीटर. शेजाऱ्यांच्या तिफणी, ट्रॅक्टर सगळं बाहेर पडलं. भाऊचाही जीव वरखाली होत होता. बी तपासलेलं, प्रक्रिया केलेलं, मग थांबायचं कशाला?

इथे तात्यांनी हट्टाने अडवलं. बियाबाबत त्यांची दातांची परीक्षा कमी पडली होती, मातीबाबत त्यांचा हात पक्का होता. वीतभर खोल उकरून त्यांनी खालची माती मुठीत दाबली, गोळा होईना. वरची ओल खालच्या ओलीला मिळालेली नव्हती. "आत्ता पेरलं तर बी उठंल आन् तहानंल," असं ते म्हणाले.

यामागचं शास्त्र सांगण्यासारखं आहे. सोयाबीनला उगवायला स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी प्यावं लागतं. पोत्यात असेपर्यंत वाळणं त्याला मानवतं, किंबहुना वाळलेपणावरच ते टिकतं. पण एकदा मूळ बाहेर पडलं की ही ताकद जाते. त्यानंतर माती सुकली तर ते परत पोत्यातल्या झोपेत जाऊ शकत नाही, मरतं. अर्धवट ओलीतली पेरणी म्हणूनच न पेरण्यापेक्षा वाईट. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, हा सल्ला याच कारणाने दिला जातो.

ते दहा-बारा दिवस घरात बरीच कुरबुर झाली. पुढचे दोन पाऊस बरे झाले, मग उघडीप मिळाली, वापसा आला. मातीत ओलही होती आणि हवाही खेळत होती. तेव्हा तीन-चार सेंटिमीटर खोलीवर पेरणी झाली.

भाऊने मागे ठेवलेलं शेडमधलं बी बांधाकडच्या पाच तासांत (ओळींत) टाकलं, त्याच्या हिशोबाच्या ५७ किलोच्या प्रमाणात. घरात कुणाला सांगितलं नाही. गटाला ते पीक वर आल्यावर समजलं. त्याने ते हट्टापायी केलं असेल, पण तुलनेसाठी याहून चांगला तुकडा आम्हाला मिळाला नसता.

काय झालं

मृगातल्या पहिल्या पावसावर पेरलेल्या शेजारच्या रानांपैकी काहींना दुबार पेरणी करावी लागली. सगळ्यांना नाही, ज्यांच्या रानात खोल भारी जमीन होती त्यांचं निभावलं. म्हणजे थांबणंच नेहमी बरोबर ठरतं असं यातून काढू नये.

४५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत एका मीटरला २० रोपं असली की रान भरलं असं धरतात. पहिल्या मालाच्या पाच एकरांत बहुतेक ठिकाणी १६-१७ भरली. विकतच्या बॅगांचं रान जवळपास तसंच. बांधाकडच्या पाच तासांत दुपटीच्या आसपास बी पडूनही मीटरला ९-१० रोपं, तीही लहानमोठी, काहींची दळं डागाळलेली. ३७ टक्क्यांच्या हिशोबाने तिथेही २० यायला हवी होती.

एक फटका पहिल्या मालालाही बसला. पेरणीनंतर तिसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला. खोलगट भागात दीड दिवस पाणी साचलं आणि उताराच्या जागी वरची माती थापली जाऊन कडक पापुद्रा बसला. सोयाबीन आपली दोन्ही दळं ओढत वर आणतं, वाकलेल्या मानेने माती ढकलत. पापुद्र्याखाली माना मोडल्या आणि खोलगटात बी तांब्यातल्यासारखंच गुदमरलं. तिथे मीटरला ६-७ रोपं उरली. त्या नांग्यांत, म्हणजे रोपं नसलेल्या मोकळ्या जागी, तूर टोकली. बी चांगलं होतं, पेरणीची वेळ चांगली होती, तरी हे झालं.

उत्पादनाचा आकडा इथे देत नाही. पुढे पावसाने ओढ दिली, चक्रीभुंगा आला, आणि या सगळ्याचा हिशोब बियाण्याच्या नावावर मांडणं खोटं ठरेल. बियाणं तपासण्याचा फायदा रान भरण्यापर्यंतच मोजावा.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा निर्णय मेमध्ये झाला असं घराला वाटतं. माझं मत वेगळं आहे; तो ऑक्टोबरातच होऊन गेला होता, कुणी न घेता. पाऊस येणार हे दिसत असताना कोणत्या तुकड्यातलं बी ठेवायचं हे ठरवून तेवढंच आधी मळायला हवं होतं. बियाण्यासाठी मळताना ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० वर ठेवावेत असं सांगतात. मळणीयंत्रवाला त्यासाठी थांबत नाही, जास्त वेळाचे पैसे मागतो. दोन-तीन घरांनी मिळून बियाण्यापुरती मळणी एकत्र केली तर ते परवडू शकतं. खरीप २०२० मध्ये राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्यामागेही आदल्या वर्षीच्या काढणीच्या वेळचा अवकाळी पाऊस होता. तेवढ्या मोठ्या गोंधळातूनही ऑक्टोबराकडे बघायची सवय आपल्याला लागलेली नाही.

दुसरं, तपासणी एकदाच झाली आणि पेरणी त्यानंतर महिन्याभराने. मधले दिवस उन्हाळ्याचे होते. तपासणी त्या दिवसाचा आकडा देते. बी मरणं त्यानंतर थांबत नाही. पहिला माल मधल्या खोलीत होता म्हणून निभावलं असावं, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक गुंडाळी लावायला खर्च शून्य होता. गोणपाटासोबत एक तपासणी रानातल्याच मातीने भरलेल्या घमेल्यात, दोन बोटं खोल दाणे पुरून केली असती, तर थकलेल्या बियाचा अंदाज आधीच आला असता आणि भाऊच्या ५७ किलोच्या हिशोबाला उत्तर त्या पाच ओळी पेरण्याआधीच मिळालं असतं.

प्रयोगशाळेचा पर्याय घाईत सोडला गेला. टेट्राझोलियमची तपासणी एका दिवसात होते, म्हणून वेळ नाही ही सबब तितकी खरी नव्हती. मात्र नमुना पोचवणं, निकाल आणणं यात जाणारे दिवस धरले तर एकट्या घराला ते जड जातं. गटाने सगळ्यांचे नमुने एकत्र पाठवावेत का यावर चर्चा झाली, एकमत झालं नाही. काहींचं म्हणणं, गोणपाट पुरेसं आहे, फक्त मोजायला मुलांना बसवा. मोठी माणसं आपल्या मालाला झुकतं माप देतात.

खोलगट भागाबद्दल तात्या आणि भाऊ यांचं अजून जुळत नाही. भाऊला पुढच्या वेळी तिथे रुंद सरी-वरंब्यावर पेरायचंय, म्हणजे पाणी सरीतून निघून जाईल. तात्यांना तिथे सोयाबीन नकोच, ज्वारी हवी. वहिनींना मात्र एकच गोष्ट बदलून हवी होती आणि ती लगेच झाली: शेडमधली खताची पोती आणि बियाण्याची पोती आता एका छपराखाली राहत नाहीत.